प्रलयवीराची उलटी घडी

१

आटपाट लालबाग होतं. लालबागेत एक चाळ होती, चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर जिन्यालगतची एक खोली होती. खोलीत रखमा नावाची सासू होती, तिचा दौलत नावाचा मुलगा होता, सुभद्रा नावाची सून होती आणि बेबी नावाची नात होती. सुभद्रा म्हणजे मी. नवऱ्याचं नाव गोष्टीपुरतं एकदा घेतलं. आता पुढं ‘हे’ म्हणेन.

हे चित्रं काढायचे. गिरणीच्या कापडाच्या ताग्यावर रंगीत तिकिटं चिकटवायचे ना, हत्ती, परी, कमळ, ती यांच्या हातची. पण यांचा जीव होता ‘प्रलयवीरा’त. गिरगावात शामरावांचा छापखाना होता. तिथून महिन्याला एक अंक निघायचा, आठ पानांचा, सगळा चित्रांचा. आकाशातून अणुगोळा पडला, जगाची राख झाली, आणि एकच माणूस उरला, तो प्रलयवीर. ओसाड गावांतून तो फिरायचा. कुणी उरलंय का, एवढंच शोधायचा. एखाद्या चुलीत ऊब लागायची, एखाद्या अंगणात ताजा सडा दिसायचा. माणूस मात्र कधी भेटायचं नाही. पुढच्या अंकाला तरी भेटेल म्हणून पोरं जीव टाकायची.

मला अक्षर येत नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही. यांनी नवीन पान काढलं की आधी माझ्यापुढं धरायचे. म्हणायचे, “तू बघ. तुला नुसत्या चित्रावरून कळलं, तर माझं बरोबर.”

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर गोळीबार झाला. हे पानं द्यायला गिरगावात गेले होते. ट्राम बंद, बस बंद. दिवे लागायच्या वेळेला चालत परत आले. अंगावर ओरखडा नाही. हातात एक चप्पल. एकच. बाईमाणसाची, लहान पायाची, हिरव्या पट्ट्याची.

ती त्यांनी स्टुलावर ठेवली आणि खाटेवर बसले. मी विचारलं, “कुणाची हो?”

त्यानंतर चार वर्षं हे एक शब्द बोलले नाहीत.

२

वेडे झाले असं मी कधी म्हटलं नाही. सकाळी उठायचे, मोरीत जाऊन अंघोळ करायचे, पुढ्यात ठेवलं ते जेवायचे. फक्त आमच्याकडे बघायचे नाहीत. बघायचे नाहीत म्हणजे कसं, की बेबी यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली, तर यांची नजर तिच्यातून आरपार भिंतीवर जायची.

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. मग म्हणाले, मोठ्या इस्पितळात ठेवा. सासूबाई देवाला गाऱ्हाणं घालायच्या. मी चप्पल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून पोटमाळ्यावर ठेवली.

‘प्रलयवीर’ बंद पडला. शामराव भला माणूस. त्यांनी मला घड्यांचं काम दिलं. छापलेले मोठे कागद छापखान्यातला हमाल रामजी डोक्यावरून आणून टाकायचा. दोन कागद एकावर एक ठेवायचे, मधोमध दुमडायचे, हाडाच्या पट्टीनं दाबायचे, वर कव्हर चढवून मध्ये दोऱ्यानं टाचायचे. पानावरचे आकडे मला वाचता येत नसत. म्हणून गठ्ठ्यावर एक तयार अंक नमुन्याला यायचा. त्याच्यासारखं केलं की झालं.

एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर रामजीनं एक गठ्ठा टाकला आणि म्हणाला, “सुभद्राबाय, हात धुऊन घ्या. तुमच्या घरातलाच आहे.”

कव्हरवर प्रलयवीर होता. पाठमोरा. शामरावांनी नव्यानं सुरू केला होता.

“चित्रं कोण काढतं?”

“गिरगावचा पोरगा आहे एक. गुरुदत्त. गोरागोमटा, शिकलेला.”

यांना दाखवावं म्हणून मी अंक खाटेवर ठेवला. यांनी तो उचललासुद्धा नाही. मला वाटलं, बरं झालं, आपलं पोर दुसऱ्याच्या कडेवर कशाला बघायचं. आणि मी घड्या घालायला बसले.

तिसरी का चौथी घडी असेल. माझा हात थांबला. प्रलयवीराच्या हातात पूर्वी काठी असायची. या खेपेला काठी नव्हती. चप्पल होती. एकच. छापलेली काळीच, पण तिच्या पट्ट्याला बारीक नक्षी होती, आणि ती नक्षी मी चार वर्षांपूर्वी पुसून ठेवली होती.

३

मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं? मी म्हटलं, रामजी बोलला असेल कुठं. छापखान्यात गोष्ट पसरायला कितीसा वेळ.

दुसऱ्या अंकात प्रलयवीर लालबागेत आला. मसाला कांडायची गिरण उघडी, आत कुणी नाही. रस्त्यावर ट्राम उभी, आत कुणी नाही. गिरणीची चिमणी, धूर नाही. सगळं ओळखीचं, आणि चिटपाखरू नाही. मी म्हटलं, लालबाग काय, कुणीही काढेल.

तिसऱ्या अंकात तो आमच्या खोलीत होता.

स्टूल होतं, एका पायाला काथ्या गुंडाळलेलं. खाट होती. मोरीच्या कट्ट्यावर पिचका तांब्या होता. आणि दाराची चौकट होती. त्या चौकटीवर मी बेबीची उंची कोळशानं मांडत असे, एकावर एक रेघ. मला लिहिता येत नाही, मोजता येतं. चित्रात सात रेघा होत्या. मी उठून चौकटीशी गेले आणि बोट लावून मोजल्या. सात.

सातवी रेघ मी रविवारी ओढली होती, बेबी हट्टाला पेटली म्हणून. रामजी म्हणाला, हे कागद शुक्रवारीच छापून वाळत घातले होते.

चित्रातला प्रलयवीर त्याच रेघांकडे बघत होता. त्याचा चेहरा काही दिसत नव्हता. पण घाबरलेल्या माणसाचे खांदे कसे वर चढतात ते मला ठाऊक आहे.

४

दुसऱ्या दिवशी ट्राम धरून मी गिरगावात गेले. शामराव चष्मा कपाळावर चढवून प्रुफं बघत होते. म्हणाले, “या, या सुभद्राबाई. गुरुदत्त, या बघ कोण आल्यात. ज्यांच्या यजमानांची गादी तू चालवतोस.”

मुलगा उठून उभा राहिला. मी सरळ विचारलं, “तुम्ही आमच्या चाळीत कधी आला होता?”

“मी? नाही हो वहिनी.”

शामराव हसले. “याला लालबागला जायचं म्हणजे विलायतेला जायचं. गिरगावची हद्द ओलांडली की याचं डोकं दुखतं.”

“मग हे स्टूल? हा काथ्या? या रेघा?”

गुरुदत्तानं अंक हातात घेतला. रेघांवरून बोट फिरवलं. मग शामराव आत गेलेले बघून हळू आवाजात बोलला, “वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. मी काढायला बसतो किल्ला, आणि उतरतो जिना. आईला बोललो तर ती म्हणते, जागरणं कमी कर. या रेघा मी खोडल्या होत्या. दोनदा खोडल्या. अर्थच लागेना.” मग त्यानं विचारलं, “हे सगळं तुमच्याकडे आहे का?”

मी म्हटलं, “आहे.”

 त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि मी पिईपर्यंत शेजारी उभा राहिला, एवढंच.

५

परतताना ट्रामच्या खिडकीशी बसून मी तो तिसरा अंक पुन्हा पहिल्यापासून बघितला. मला अक्षर येत नाही म्हणून मी चित्र सोडत नाही. दुसऱ्या पानावर स्टुलावर कप होता, कपातून वाफ निघत होती. तिसऱ्या पानावर झाडू जमिनीपासून वीतभर वर होता. कुणी धरलेला नव्हता. प्रलयवीर भिंतीला चिकटून उभा होता.

तेव्हा मला उमगलं. ती खोली ओसाड नव्हती. त्या खोलीत मी झाडत होते.

यांच्या डोळ्यांना जग राख झालं होतं आणि हे एकटे उरले होते. या खोलीत भांडी आपोआप सरकत होती, ताट आपोआप वाढलं जात होतं, चौकटीवर रेघा आपोआप चढत होत्या. चार वर्षं आम्ही म्हणत होतो, यांना कसली बाधा झाली. यांना बाधा आमचीच झाली होती.

घरी येऊन मी सासूबाईंना म्हटलं, “आजपासून भांडी आपटायची नाहीत. यांची पाठ असेल तेव्हाच झाडायचं. चहा ठेवायचा तो यांनी डोळे मिटले की.”

“अगो, पण कित्याक?”

“घाबरतात हो ते.”

 म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, “लहानपणी पण तो भियायचो गो. काळोखाक.”

त्या दिवसापासून आम्ही तिघी त्या खोलीत पावलं न वाजवता वावरलो. बेबीला सांगितलं, बाबांशी लपंडाव चाललाय. सहा वर्षांची पोर, पण एकदा सांगितलं की बस. तिनं आपलं म्हणून एक सुरू केलं. रोज शाळेतून येताना ती एक फूल आणायची आणि यांचं लक्ष नसताना उशाशी ठेवायची. पुढच्या अंकात प्रलयवीराच्या उशाशी फूल होतं. त्यानं ते उचलून नाकाशी धरलं होतं, आणि त्याचे खांदे खाली उतरले होते.

सात जन्मांत केला नसेल एवढा संसार मी त्या महिन्यांत केला. एका भ्यालेल्या माणसाच्या घरातलं प्रेमळ भूत होऊन.

६

साठ साल उजाडलं. महाराष्ट्र मिळणार हे ठरलं. एप्रिलच्या शेवटाला गल्लीत तोरणं बांधायला सुरुवात झाली, गेरूनं ओटे रंगले. गुरुवारी रामजीनं गठ्ठा आणला. रविवारच्या सोहळ्यासाठी खास अंक, शनिवारी दुपारी न्यायचा होता.

“हा शेवटचा,” रामजी म्हणाला. “शामराव बंद करतायत. पोरं म्हणतात, याला कधीच कुणी भेटत नाही, किती दिवस बघायचं.”

“नमुना कुठाय?”

“गडबडीत राहिला. तुम्ही काय आज करताय का घड्या!”

मी बेबीला जवळ घेतलं. ती पहिलीत होती. आकडे वाचून तिनं मला पानं क्रमानं लावून दाखवली, आणि खालच्या ओळी एकेक अक्षर जुळवत वाचल्या. पहिल्या पानावर प्रलयवीर आमचा जिना चढत होता. दुसऱ्यावर दार लोटत होता. तिसऱ्यावर खोली. चौथ्यावर स्टुलावरचा वाफाळता कप, आणि तो कपाकडे बघत उभा. पाचव्यावर त्यानं पाठ फिरवली होती. सहाव्यावर लालबागचा रस्ता. सातव्यावर वाळू. आठव्यावर नुसता समुद्र होता आणि पाण्यात जाणारी पावलं.

“‘कु-णी-च ना-ही,’” बेबीनं वाचलं. “‘म्ह-णू-न तो गे-ला. स-मा-प्त.’ आई, समाप्त म्हणजे?”

मागं कडी वाजली.

चार वर्षांत ज्यांनी उंबरा ओलांडला नव्हता, ते हे दार उघडून जिना उतरत होते. मी धावले. गल्लीच्या तोंडाशी गाठलं. दंडाला धरलं की यायचे परत, पण वाऱ्यानं ढकललेला माणूस येतो तसे. शुक्रवारी परळच्या पुढं गेले होते. दादरच्या चौपाटीची वाट. रामजीनं पाहिलं म्हणून आणलं.

सासूबाई त्या संध्याकाळी तुळशीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, “सोमवारी इस्पितळात नेऊया. थंय कुलूप तरी आसतला. पाण्यात जाण्यापरास बरा.”

 तीनशे अंकांचे कागद भिंतीला लागून पडले होते. रविवारी ते पोरांच्या हातात जाणार, आणि तीनशे ठिकाणी माझा माणूस पाण्यात चालत जाणार. कुलूप त्याला अडवणार होतं?

७

शनिवारी सकाळी मी बसले. काम होतं, करायला हवं होतं. दोन कागद एकावर एक ठेवले, दुमडले, पट्टी फिरवली. लक्ष यांच्या खाटेकडे होतं. पहिली घडी चुकली. देवाशपथ चुकली. आतली बाजू बाहेर गेली.

उलगडायच्या आधी मी सवयीनं पानं चाळली. पहिलंच चित्र आलं पाठ फिरवल्याचं. मग लालबागचा रस्ता. मग वाळू. मग समुद्र, आणि पाण्यातली पावलं. मी पुढचं पान उलटलं.

तो जिना चढत होता.

मग दार लोटत होता. मग खोलीत आला होता. आणि अगदी शेवटच्या पानावर, स्टुलावरच्या वाफाळत्या कपापुढं उभा होता.

पहिली घडी चुकली. बाकीच्या चुकल्या नाहीत.

मी एका हातानं दुमडत होते, एका हातानं टाचत होते. सासूबाई कव्हरं पुढं सरकवत होत्या. त्यांनाही आकडे कळत नव्हते, पण चित्रं कळली असावीत. कारण एकदा त्या थांबल्या, अंक चाळला, माझ्याकडे बघितलं आणि दुप्पट वेगानं कव्हरं देऊ लागल्या.

दुपारी हे उठले. कडी काढली. सासूबाई किंचाळल्या, “सुभद्रा, धर त्येका!”

मी जागची हलले नाही. माझ्यापुढं अजून दोन गठ्ठे होते. “जाऊ द्या,” मी म्हटलं. “जाण्याचं पान आधी आहे.”

कुठून आलं ते धाडस, ठाऊक नाही. जिन्याच्या पायऱ्या वाजल्या, वाजायच्या थांबल्या. सासूबाई अनवाणी मागं धावल्या. मी दुमडत राहिले. खाली पोरं तोरणं लावत हसत होती. मनात एक बाई सारखी ओरडत होती, अगं सुभद्रे, कागद आहेत ते, कागद! नवरा बुडतोय आणि तू दोरा ओवतेस! तिचंही खोटं नव्हतं.

सासूबाई परतल्या त्या भिंतीला धरून. “दिसाक नाय गो. दादरपर्यंत जावन इलंय. खयच नाय.”

गिरणीचा तीनचा भोंगा झाला. मी शेवटचा अंक टाचला. उठले, स्टोव्ह पेटवला, चहा केला आणि कप स्टुलावर ठेवला. मग तो अंक हातात घेऊन मी, सासूबाई आणि बेबी भिंतीशी उभ्या राहिलो, जशा नेहमी राहायचो, त्यांना भीती वाटू नये म्हणून.

कप वाफाळत होता.

जिना वाजला. खालून पहिली पायरी, दुसरी. आमच्या जिन्याची पाचवी पायरी सैल होती, ती करकरली. ओल्या पायांचा आवाज वेगळाच असतो. मला वाटलं, आता दार लोटेल आणि आत कोण असेल? ज्याचा चेहरा मी सहा अंकांत एकदाही पाहिला नाही, तो?

हातातल्या अंकाकडे माझी नजर गेली. शेवटच्या पानावर, कपाच्या मागं, भिंतीशी तीन काळसर आकृत्या होत्या. एक वाकलेली, एक उभी, एक छोटी. सकाळी त्या नव्हत्या. कव्हरची शाई ओली असली की समोरच्या पानावर डाग उमटतो, ते मला माहीत आहे. मी स्वतःला तेच सांगितलं.

दार लोटलं गेलं.

हेच होते. घोट्यापर्यंत ओले, बोटांत वाळू. कपाकडे बघत उभे राहिले. मग चौकटीकडे वळले. कोळशाच्या सगळ्यात वरच्या रेघेवर हात आडवा धरला. तसाच आडवा धरून दोन पावलं चालत भिंतीशी आले आणि तो हात बेबीच्या डोक्यावर टेकला.

“अगं,” माझ्याकडे बघून म्हणाले, “ही एवढी कधी झाली?”

८

रविवारी गल्लीत महाराष्ट्राचे पेढे वाटले. सासूबाईंनी आपला वाटा आधी देवापुढं ठेवला, मग लेकापुढं, आणि मग त्याच पेढ्यासाठी बेबीशी भांडल्या.

मंगळवारी शामराव धापा टाकत तिसऱ्या माळ्यावर आले. “सुभद्राबाई, घडी उलटी! तीनशेच्या तीनशे!”

“मला आकडे कुठं कळतात, शामराव?”

त्यांना पुढं बोलायचं होतं. पण खाटेवर बसून दाढी करणारा माणूस त्यांना म्हणाला, “बसा. चहा घ्या.” शामराव बसले आणि लहान मुलासारखे रडले. रडून झाल्यावर पिशवीतून पोस्टकार्डं काढली. पोरांची होती. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, प्रलयवीर घरी आला, आता पुढं काय?

पुढचे अंक यांनी आणि गुरुदत्तानं मिळून काढले, कितीतरी वर्षं. त्यांत माणसं असत. गर्दी असे. गुरुदत्त लालबागला इतका यायला लागला की सासूबाई त्याच्यासाठी वेगळी वाटी ठेवायच्या.

कुठं होतात, काय पाहिलंत, हे मी यांना कधी विचारलं नाही. एकदाच, पोटमाळा साफ करताना, वर्तमानपत्राचं ते पुडकं हाती आलं. दोरा होता तसा बांधलेला. आत काही नव्हतं. मी खाली वाकून नुसतं यांच्याकडे बघितलं.

“जिची तिला देऊन आलो,” हे म्हणाले, आणि कुंचला धुवायला मोरीत गेले.

मी पुडकं चुलीत घातलं. एकसष्ट साली आमच्याकडे दुसरी मुलगी झाली, पद्मजा. चौकटीवर जागा कमी पडली, म्हणून यांनी दुसऱ्या बाजूला तिच्या रेघा सुरू केल्या, स्वतःच्या हातानं. आमचा माणूस जसा आमच्याकडे बघायला लागला, तसा वाट बघणाऱ्या सगळ्यांचा माणूस त्यांच्याकडे बघो, आणि कपातला चहा गरम असतानाच घरी येवो.